‘एकदम’ या शब्दाची किंमत

रजिस्टर वेगवान, रॅम हळू. रजिस्टर महाग, रॅम स्वस्त. इलेक्ट्रॉनिक्सच्या किंवा कॉम्प्युटरच्या कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा, एवढं तो नक्की सांगेल. पुस्तकात त्यासाठी एक त्रिकोणही काढलेला असतो. टोकावर रजिस्टर, मग कॅश, मग रॅम, तळाला हार्ड डिस्क. ‘फरक स्पष्ट करा’ म्हटलं की हा त्रिकोण काढायचा आणि पाच मार्क घ्यायचे.

माझं म्हणणं असं आहे की यातलं काही खोटं नसलं, तरी चिपचा आराखडा करायला बसलेल्या माणसाला त्याचा फारसा उपयोग नाही. चिपच्या आत एखादी गोष्ट रजिस्टरात ठेवायची की रॅममध्ये, हे नुसत्या वेगावरून ठरत नाही. ते ठरतं ‘एकदम किती?’ या प्रश्नावरून. आणि हा प्रश्न आपली मुलं विचारत नाहीत, याचं एक कारण भाषेत आहे असं मला वाटतं. म्हणून बी.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी या विषयावर लिहिते आहे. इंजिनियर वाचकांनी तेवढं चालवून घ्यावं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्या रोजच्या मराठीत रजिस्टर म्हणजे जाडजूड वही. हजेरीचं रजिस्टर, आवक-जावक रजिस्टर, आमच्या चर्चच्या ऑफिसातलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर. त्यात हजारो नोंदी असतात, प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. तुम्हाला आजीच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा असेल तर साल आणि नोंद क्रमांक सांगावा लागतो, मग ते पान उघडतं. एका वेळी एकच पान. त्याच वेळी दुसऱ्या कोणाला दुसऱ्या सालातली नोंद हवी असेल तर त्याने बाकावर बसून थांबायचं.

गंमत म्हणजे चिपच्या भाषेत या वहीचं नाव रजिस्टर नाही, रॅम आहे. चिपमधलं रजिस्टर म्हणजे वहीच्या अगदी उलट. ती एकाच नोंदीची सुटी चिठ्ठी, जिला गरज असते तिच्या हातात दिलेली. पन्नास जणांच्या हातात पन्नास चिठ्ठ्या असल्या तर पन्नासही जण एकाच क्षणी आपापली चिठ्ठी वाचू शकतात, खोडून नवीन लिहू शकतात. कोणी कोणासाठी थांबत नाही. (साहित्याच्या वर्गात ‘रजिस्टर’ला भाषेच्या प्रयुक्तीचा तिसराच अर्थ आहे. तो इथे बाजूला ठेवते.)

दुसरा घोळ रॅमचा. आपण लॅपटॉप घेताना ‘आठ जीबी रॅम’ म्हणतो ती वेगळ्या चिपवरची, प्रोसेसरच्या बाहेरची. पुस्तकातल्या त्रिकोणात जी हळू रॅम दाखवलेली असते, ती ही. मी ज्या रॅमबद्दल लिहिते आहे ती त्याच चिपच्या आत, रजिस्टरांच्या शेजारीच बसलेली असते. ती बऱ्याचदा क्लॉकच्या एका ठोक्यात उत्तर देते. म्हणजे ‘रॅम हळू’ हे पाठ केलेलं वाक्य ज्या रॅमचं आहे, ती रॅम इथे नाहीच.

मग फरक कशाचा? रचनेचा. रजिस्टर फ्लिप-फ्लॉपचं बनतं. एक बिट जपायला एक फ्लिप-फ्लॉप, आणि त्यात साधारण वीसच्या वर ट्रान्झिस्टर. चिपच्या आतल्या रॅममध्ये एका बिटाला सहाच ट्रान्झिस्टर लागतात. हे सहा कसे पुरतात? कारण तिथे तारा सामाईक असतात. पत्ता दिला की एक ओळ जागी होते, तीच सामाईक तारांवर बोलते, बाकी सगळ्या गप्प बसतात. बोलणं एका वेळी एकाचंच, म्हणून जागा वाचते. फ्लिप-फ्लॉपला मात्र प्रत्येकाला स्वतःची तार असते, तो सतत बोलत असतो. हजारो फ्लिप-फ्लॉपमधून हवा तो एक निवडायचा म्हटलं तर त्या निवडीचीच एवढी मोठी जाळी लागते की साठवणूक बाजूला राहते. शिवाय वेगळी सोय केली नाही तर क्लॉकचा प्रत्येक ठोका प्रत्येक फ्लिप-फ्लॉपपर्यंत जातो, आणि त्याची वीज भरावी लागते.

उलट बाजूही आहे. रॅमला पत्ता उलगडणारं सर्किट, तारांवरचा बारीक इशारा ओळखणारं सर्किट, असा ठरलेला वरखर्च असतो. दहा-वीस आकडे ठेवायला रॅम मांडणं म्हणजे तीन जणांच्या घरी लग्नाच्या जेवणाचा आचारी बोलावणं. थोडक्यासाठी रजिस्टर, पुष्कळासाठी रॅम, हा ढोबळ नियम यातून निघतो. पण तो ढोबळच आहे. खरा निकष पुन्हा तोच: एका ठोक्यात, एकदम, किती आकडे हाताशी लागतात?

हे मला कळलं ते माझ्या मावसभावामुळे. तो इथेच बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या गटाने आवाजाला प्रतिध्वनी देणारा प्रोजेक्ट घेतला होता. मायक्रोफोनमधून सेकंदाला ८,००० नमुने येणार, त्यातले शेवटचे ४,०९६ साठवायचे, म्हणजे साधारण अर्धा सेकंद. मग अर्ध्या सेकंदापूर्वीचा नमुना आताच्या नमुन्यात मिसळायचा, की झाला प्रतिध्वनी. प्रत्येक नमुना १६ बिटांचा. हे सगळं एफपीजीएवर बसवायचं. एफपीजीए म्हणजे कोऱ्या पाटीसारखी चिप, आपण लिहू तसं सर्किट तिच्यात तयार होतं. त्यांच्या बोर्डावर आर्टिक्स-७ घराण्यातली ३५टी ही चिप होती.

सॉफ्टवेअर बराच वेळ चाललं आणि शेवटी म्हणालं, बसत नाही.

आता हिशोब बघा. ४,०९६ गुणिले १६ म्हणजे ६५,५३६ बिट. त्या चिपमध्ये फ्लिप-फ्लॉप आहेत ४१,६००. दीडपटीहून जास्त मागणी, बसणार कशी? पण त्याच चिपमध्ये तयार रॅमचे ५० ठोकळे आहेत, आणि समतेचे जादा बिट सोडले तर प्रत्येकात ३२,७६८ बिट मावतात. म्हणजे हा सगळा साठा बरोबर दोन ठोकळ्यांत बसतो. पन्नासातल्या दोन! एवढी मोकळी जागा असताना सॉफ्टवेअरने फ्लिप-फ्लॉपच का मागितले?

मावसभाऊ हे मला सांगत होता ते मी इलाज सुचवीन म्हणून नाही, वैतागून. मी त्याला म्हटलं, तू काय लिहिलंयस ते मला मराठीत वाचून दाखव. तो एकेक ओळ सांगत गेला आणि एका ठिकाणी म्हणाला, “रीसेटचं बटण दाबलं की सगळ्या रकान्यांत एकेक करून शून्य भरतो.”

“एकेक करून? मग वेळ लागत असेल.”

“वेळ कुठला गं? त्याच ठोक्याला.”

“मग एकेक कसं? एकदमच की!”

तो थांबला. त्याच्या कोडमध्ये ‘शून्यापासून ४,०९५ पर्यंत’ अशी फेरी लिहिलेली होती. साध्या प्रोग्रॅममध्ये अशी फेरी खरंच एकामागून एक चालते. पण व्हेरिलॉगसारख्या सर्किट लिहिण्याच्या भाषेत तिचा अर्थ वेगळा होतो. तिथे ती फेरी चालत नाही, उलगडते. ४,०९६ वेळा लिहायचा कंटाळा आला म्हणून एकदा लिहिलं, एवढाच तिचा अर्थ. म्हणजे त्या तीन ओळींनी मागणी काय केली होती? ६५,५३६ बिटांपैकी प्रत्येकाला, एकाच ठोक्यात, एकदम हात लावता आला पाहिजे. एका वेळी एकच ओळ जागी करणाऱ्या रॅमला ते शक्यच नाही. बिचाऱ्या सॉफ्टवेअरने लिहिलेलं शब्दशः वाचलं आणि प्रत्येक बिटाला स्वतंत्र फ्लिप-फ्लॉप द्यायला निघालं.

आणि ही मागणी कशासाठी होती? कशासाठीच नाही. ही चिप चालू होताना तिची रॅम तशीही शून्यांनी भरलेली मिळू शकते. मध्येच बटण दाबल्यावर जुना आवाज पुसायचाच असेल, तर एका ठोक्याला एक रकाना पुसत जावं. त्यांचं क्लॉक सेकंदाला दहा कोटी ठोक्यांचं आहे. ४,०९६ ठोके म्हणजे सुमारे ४१ मायक्रोसेकंद. एवढ्यात आवाजाचा पुढचा नमुनासुद्धा येत नाही, तो तर १२५ मायक्रोसेकंदांनी येतो. त्यांनी ती फेरी काढली, पुसण्यासाठी एक छोटा मोजणारा ठेवला, रॅमचं उत्तर एक ठोका उशिरा येतं म्हणून पुढची एक पायरी सरकवली. साठा दोन ठोकळ्यांत बसला.

या उदाहरणात वेगाचा प्रश्न कुठेही नव्हता. एका नमुन्यामागे एक जुना आकडा वाचायचा आणि एक नवा लिहायचा, हे वहीचंच काम. उलट त्याच आवाजातली खरखर काढणारा सोळा नमुन्यांचा फिल्टर असता तर? सोळाही नमुने एकाच ठोक्यात गुणायचे ठरवले तर सोळा रजिस्टरं हवीत, वाद नाही. पण इथेही थांबून विचारावं. दोन नमुन्यांच्या मध्ये आपल्या हातात ठोके किती? दहा कोटी भागिले आठ हजार, म्हणजे १२,५००. सोळा आकडे रॅममधून एकेक करून वाचले, एकाच गुणकाने गुणले, तरी बारा हजारांवर ठोके उरतात. म्हणून ‘एकदम’ लागतंय असं वाटलं की आधी घाई खरी आहे का ते तपासायचं.

घाई खरी असते अशी जागाही आहे, आणि ती मान्य केली नाही तर माझा लेख एकतर्फी होईल. प्रोसेसरचं काळीज तसंच असतं. रिस्क-फाइव्ह ही खुली रचना घ्या. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रोसेसर तिच्यावरच उभा आहे. तिच्या साध्या ३२ बिटांच्या रूपात ३२ रजिस्टरं असतात, त्यातलं एक कायम शून्य. एकूण फार तर १,०२४ बिट. बेरजेची एक आज्ञा आली की दोन आकडे एकाच वेळी वाचायचे, शिवाय आधीच्या आज्ञेचं उत्तर त्याच सुमारास लिहायचं. म्हणजे दोन वाचण्याची दारं, एक लिहिण्याचं. हा साठा लहान, एकदमची गरज खरी आणि ती प्रत्येक ठोक्याला. इथे रजिस्टरांवर खर्च करायलाच हवा. तरीसुद्धा अगदी छोट्या उपकरणांसाठी याच रचनेची ३२ ऐवजी १६ रजिस्टरांची आवृत्ती आहे, कारण तिथे तेवढीही जागा मोलाची.

आणि एफपीजीएवर हाच साठा रॅममध्ये करायची एक साधी युक्ती आहे. एकाच वहीच्या दोन प्रती ठेवायच्या. लिहिताना दोन्हींत लिहायचं, वाचताना एक आकडा पहिलीतून, दुसरा दुसरीतून. दोन माणसं एकदम वाचू शकतात. जागा दुप्पट लागली, पण ६५ हजार चिठ्ठ्या वाटण्यापेक्षा बरंच. ‘रजिस्टर की रॅम’ हा प्रश्न हो-नाहीचा नाही, दारं किती ठेवायची याचा आहे, हे या युक्तीत दिसतं. दारं वाढवली की प्रत्येक बिटाजवळून जाणाऱ्या तारा उभ्याही वाढतात आणि आडव्याही, म्हणून जागेचा खर्च दारांच्या संख्येपेक्षा फार भराभर चढतो.

इतिहासात हा निर्णय मोठमोठ्यांनी वेगवेगळा घेतला आहे. १९७५ साली आलेल्या ६५०२ या प्रोसेसरमध्ये कामाची रजिस्टरं तीनच होती, प्रत्येकी आठ बिटांची. त्याबदल्यात रॅमच्या पहिल्या २५६ रकान्यांना छोटा पत्ता देऊन त्यांचा जवळच्यासारखा वापर करता येई. चिप लहान राहिली आणि २५ डॉलरला विकता आली. ॲपल-२ तिच्यावर चालला.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा १९७६ चा टीएमएस ९९०० त्याहून धीट. त्याच्या पोटात मोजून तीन रजिस्टरं: पुढची आज्ञा कुठे आहे ते सांगणारं, स्थिती दाखवणारं, आणि ‘माझी सोळा रजिस्टरं रॅममध्ये कुठून सुरू होतात’ एवढंच सांगणारं तिसरं. बाकी सोळा रजिस्टरं रॅममध्ये! मध्येच दुसरं काम आलं तर सोळा आकडे उचलून कुठे ठेवायची भानगड नाही. तिसऱ्या रजिस्टरातला एक आकडा बदलला की नवीन सोळा हजर. त्या काळी मेमरी प्रोसेसरच्या चालीने चालू शकत होती, म्हणून हा विचार मुळीच वेडगळ नव्हता. पण पुढे प्रोसेसर बाहेरच्या मेमरीपेक्षा कितीतरी वेगाने धावायला लागले आणि प्रत्येक बेरजेसाठी चिपच्या बाहेर जाणं परवडेनासं झालं. त्याच घराण्यातल्या ९९९५ मध्ये मग २५६ बाइट रॅम चिपच्या आत घेतली गेली. मला यातून दिसतं ते असं, की योग्य उत्तरही त्याच्या काळापुरतंच योग्य असतं. त्रिकोण पाठ करणाऱ्याला हे कधी कळणार नाही, कारण त्रिकोणाला सालच नसतं.

आणि आज? एनव्हिडियाच्या २०१७ च्या व्ही-१०० या चिपमध्ये रजिस्टरांचा एकूण साठा २० मेगाबाइट आहे, आणि त्यांच्या खालची सामाईक एल-२ कॅश ६ मेगाबाइट. टोकाला जे सगळ्यात कमी असायला हवं, तेच खालच्याहून तिपटीने जास्त! हजारो धागे एकदम चालवायचे म्हणजे प्रत्येकाच्या चिठ्ठ्या जवळ हव्यात. पण एवढा मोठा साठा फ्लिप-फ्लॉपचा परवडत नाही. तो रॅमच्याच पद्धतीने, लहान लहान तुकड्यांत बांधतात. नावाने रजिस्टर, अंगाने रॅम. ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाचं उत्तर आता काय लिहायचं?

कोणी म्हणेल, आजकाल हे सगळं सॉफ्टवेअरच ठरवतं, विद्यार्थ्याने डोकं का शिणवावं? सॉफ्टवेअर ठरवतं हे खरं. पण ते तुमच्या मनातलं वाचत नाही, तुमची ओळ वाचतं. मावसभावाच्या मनात वही होती, ओळीत मात्र चिठ्ठ्या होत्या. सॉफ्टवेअरने ओळीवर विश्वास ठेवला. चांगला वाचक तेच करतो.

दुसरा आक्षेप आपल्या मंडळातूनच येईल, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. साहित्याच्या अंकात याचं काय काम? आपण इथे कथा, कविता, आठवणी छापतो. छापायलाच हव्यात, मीही लिहिते. पण सीमाभागात मराठी टिकली पाहिजे असं आपण भाषणांत म्हणतो, आणि मराठीला कामं मात्र देतो फक्त हळवी. पाऊस मराठीत, आजी मराठीत. व्यवहार कन्नडमध्ये, विचार इंग्रजीत. अशी वाटणी झाली की भाषा घरात राहते पण घरातलं काही तिला विचारलं जात नाही. मावसभावाला इंग्रजीत सगळ्या व्याख्या पाठ होत्या. अडकला तो ‘एकेक’ आणि ‘एकदम’ या दोन मराठी शब्दांत, आणि सुटलाही तिथेच. मराठीत काही जादू आहे असं मी म्हणत नाही. ज्या भाषेत आपण रागावतो, भाजीचा भाव करतो, त्या भाषेत सांगायला लागलं की न कळलेलं झाकता येत नाही, एवढंच.

म्हणून इंजिनियरिंगच्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी कागदावर साध्या मराठीत, किंवा तुमची जी घरची भाषा असेल तिच्यात, चार प्रश्नांची उत्तरं लिहा. एकूण किती आकडे साठवायचे? एका ठोक्यात त्यातले किती वाचायचे आणि किती लिहायचे? उत्तर द्यायला माझ्याकडे ठोके किती आहेत? आणि सगळं एकदम पुसायची खरंच गरज आहे का? या चारांची उत्तरं लिहिली की रजिस्टर की रॅम हा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटलेला असतो.

आणि मंडळाच्या संपादकांना विनंती, की पुढच्या अंकात अशा लेखांसाठी दोन पानं ठेवावीत. शेजारच्या इंजिनियरिंग कॉलेजातल्या मुलांना लिहायला सांगू. शुद्धलेखन आम्ही बघून देऊ, हिशोब त्यांनी बघावा.